आखलेले लेखन आणि 'महाराष्ट्र धर्म'

वैयक्तिक लेखन म्हणजे लहरीचे लेखन, ही समजूत मराठी समीक्षेने फार काळ जपली आहे. लघुनिबंधाच्या चर्चेत ती विशेष बळावली. विषय सुचला म्हणजे पुरे. पुढच्या चार लेखांची आधीच आखणी करणे हे जणू निबंधकाराला कमीपणाचे! वर्ध्यात बसून या समजुतीचा विचार करू लागले की विनोबांचे 'महाराष्ट्र धर्म' आडवे येते.

आश्रमाच्या कामासाठी विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आले आणि १९२३ मध्ये त्यांनी हे मासिक काढले. उपनिषदांवरील त्यांचे लेखन त्यातलेच. त्याच वर्षी झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. पुढे हे पत्र साप्ताहिक झाले व सुमारे तीन वर्षे चालले. हा बदल केवळ व्यवस्थेचा नव्हे. महिन्याच्या अवधीत उपनिषदांचा विचार सावकाश उलगडता येतो. दर आठवड्यास वाचकापुढे यायचे तर लेख आटोपशीर आणि एखाद्या दृष्टान्तावर उभा राहणारा हवा. 'मधुकर'मधील निबंधांचा अल्पाक्षरी घाट आपण विनोबांच्या वृत्तीत शोधतो. तो तेथे आहेच. परंतु आठवड्याच्या मुदतीचाही त्यात वाटा आहे, असे आम्हांस वाटते. चिपळूणकरांच्या मासिक 'निबंधमाले'त (१८७४-८१) याची दुसरी बाजू दिसते. तेथे डॉ. जॉन्सनवरील निबंध अंकामागून अंक चालू शकला.

आमची तक्रार आहे ती संग्रहरूपाने वाचण्याच्या सवयीविषयी. निबंध पुस्तकात गेला की त्याची तारीख, शेजारचा मजकूर आणि मागील अंकाशी असलेले नाते गळून पडते. मग फडके-खांडेकरांपासून लघुनिबंध मोजायचा आणि जवळपास त्याच काळातले हे लेखन 'वैचारिक' म्हणून बाजूला ठेवायचे, हे सोपे होते.

विनोबांच्या निबंधांत 'मी' कोठे आहे, असा आक्षेप येईल. तो अगदीच निराधार नाही. स्वतःविषयी ते फार थोडे सांगतात. पण या आठवड्यास तुकोबांचा अभंग घ्यावा की सूतकताईचा विषय, कोणता विचार पुन्हा मांडावा आणि कोणता अर्ध्यावर थांबवावा, ही निवड लेखकाचीच असते. संशोधक विद्यार्थ्यांनी 'मधुकर' काही काळ मिटून ठेवावे आणि अंक क्रमाने वाचावेत. हा 'मी' त्यांना तेथे भेटेल.