अतिक्रमण म्हणजे काय, ताबा म्हणजे काय

साथींनो,

नोटीस आली की वस्तीत पहिला प्रश्न एकच असतो, "तारीख कवाची?" नोटिशीत आपल्याला काय म्हटलंय, हे कोणी विचारत नाही. या अंकात आम्ही त्यावरच लिहितो आहोत. तारीख चुकली तर पुढची मागता येते. आपल्या अंगठ्याच्या वर चुकीचा शब्द लिहिला गेला तर तो लेकरांच्या काळातही पुसला जात नाही.

नोटीस मराठीत येते. पण वकील तो कायदा इंग्रजीत वाचतात, आणि औरंगाबादच्या खंडपीठात तर सगळं कामकाजच इंग्रजीत चालतं. म्हणून आम्ही बारावीपर्यंत शिकलेली चार पोरं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 आणि एक डिक्शनरी घेऊन बसलो. 'पझेशन' म्हणजे ताबा. 'ऑक्युपेशन' म्हणजे ताबा. 'होल्ड' करणं म्हणजे ताब्यात ठेवणं. तीन शब्द, अर्थ एकच. आम्हाला वाटलं, सोपं आहे. मग कायद्याच्या सुरुवातीच्या व्याख्या वाचल्या आणि डिक्शनरी मिटून ठेवली.

या कायद्यात 'ऑक्युपेशन' म्हणजे नुसता ताबा. कोण बसलाय, कशाने बसलाय, ते त्यात येत नाही. पण 'होल्डर' म्हणजे धारक, ज्याचा ताबा कायदेशीर आहे तो. मग तो स्वतः जमिनीवर असो की पुण्यात बसलेला असो, धारकच. आणि 'ऑक्युपंट' म्हणजे भोगवटादार, म्हणजे जो धारकही आहे आणि जमिनीवर प्रत्यक्ष हजरही आहे. सातबाऱ्यावर नाव असतं ते याचं. बघा, 'ऑक्युपेशन' आणि 'ऑक्युपंट' एकाच घरातले शब्द, पण एक उघड्यावर आणि दुसरा माडीवर. आपण बापजाद्यापासून गायरान कसतो, म्हणजे आपल्याजवळ 'ऑक्युपेशन' आहे. तरी कायद्याच्या लेखी आपण 'ऑक्युपंट' नाही. आपली लढाई या दोन शब्दांमधल्या अंतराची आहे.

चौथा शब्द 'एन्क्रोचमेंट', अतिक्रमण. तो कलम 50 मध्ये आहे. ताबा म्हटलं की माणूस जमिनीवर आहे एवढंच कळतं. अतिक्रमण म्हटलं की तो हद्द ओलांडून दुसऱ्याच्यात घुसला असं ठरतं. माणूस तोच, जमीन तीच, बाजरी तीच. शब्द बदलला की कसणारा घुसखोर होतो. ज्या डोंगरउतारावर आपल्या आयांनी दगड वेचून बांध घातले, तिथं घुसलं कोण?

आता इथं एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. आपले काही साथी रागाच्या भरात म्हणतात, अतिक्रमणाच्या नोंदवहीत नावच लावून घेऊ नका, दंडाची पावती फाडून टाका. असं करू नका. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय म्हणतो की दलित-आदिवासी भूमिहीनांनी गायरान आणि सरकारी पडीक जमिनीवर शेतीसाठी 14 एप्रिल 1990 पर्यंत केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करावीत. त्या तारखेच्या आधीपासून तुम्ही तिथं होतात हे दाखवायचं कशाने? तर तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीतल्या नावाने, जुन्या दंडाच्या पावतीने, पीकपाण्याच्या नोंदीने. ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद आज आपला साक्षीदार आहे. म्हणून पावती जपा, पत्र्याच्या पेटीत ठेवा. पण स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या अर्जात "आम्ही अतिक्रमण केले" एवढंच लिहू नका. "अतिक्रमण म्हणून नोंद असलेला आमचा कसवणुकीचा ताबा" असं लिहा. नोंद सरकारची, ताबा आपला.

'रेग्युलराइज' आणि 'रेकग्नाइज' हे शब्दही जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिल्याचा अर्थ, तुम्ही चुकलात पण आम्ही नियमात बसवून घेतो. दुसऱ्याचा अर्थ, हे तुमचंच होतं, आम्ही आज मान्य करतो. सरकार पहिला शब्द देतं, आपली मागणी दुसऱ्याची आहे. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन भूमिहीन जेलात गेले, ते माफी मागायला गेले नव्हते. आज हाताशी पहिला शब्द आहे, तो घेऊ. पण घेताना दुसरा विसरायचा नाही.

आता सगळ्यात मोठा धोका सांगतो. बाजरी निघाली की आपली निम्मी वस्ती कोयते घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेरडं. नेमका तेव्हा पंचनामा होतो. पंच गावातले, त्यातल्या काहींचा त्याच जमिनीवर डोळा. कागदावर येतं, "जमीन पडीक आढळली, कोणाचाही ताबा नाही." इंग्रजीत यालाही तीन शब्द आहेत. 'फॅलो' म्हणजे या हंगामात न पेरलेली. 'व्हेकंट' म्हणजे रिकामी. 'अबँडन्ड' म्हणजे कायमची सोडून दिलेली. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचं रान 'फॅलो' असतं. त्याला 'अबँडन्ड' लिहिलं की झालं, कसणाराच नाही असा अर्थ निघतो. बागायतदाराचं रान उन्हाळ्यात मोकळं राहिलं तर कोणी म्हणत नाही की त्याने जमीन सोडली.

आणि एक शब्द, 'सरेंडर'. पोलीस बंदोबस्तात पाल मोडलं, उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला, तर ते निष्कासन झालं, 'इव्हिक्शन' झालं. त्याच्याविरुद्ध अपील करता येतं. पण त्याच संध्याकाळी धाक घालून "स्वखुशीने ताबा सोडला" या ओळीखाली अंगठा घेतला, तर ते 'सरेंडर' होतं. मग अपिलात पहिला प्रश्न हाच येतो, तुम्हीच सोडली ना? जमीन एकदा ट्रॅक्टरने जाते आणि दुसऱ्यांदा अंगठ्याने.

शब्दांचा मार आपल्या पारधी बांधवांना नवा नाही. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमातीला गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो कायदा गेला, आपण 'विमुक्त' झालो. लगेच 'हॅबिच्युअल ऑफेंडर', सराईत गुन्हेगार, हा शब्द आला. पहिला शब्द जन्मावरून होता, दुसरा माणसाच्या वागण्यावरून असायला पाहिजे. पण चोरी झाली की पहाटे झडती कोणाच्या पालाची होते, ते आम्ही सांगायला नको.

म्हणून, साथींनो, एवढं करा. वाचून दाखवल्याशिवाय कशावरही अंगठा देऊ नका. पंचनाम्यात चुकीचं लिहिलं असेल तर सही करतानाच "मान्य नाही" असं लिहायला लावा. तोडीला जाण्याआधी रानात काय पेरलं होतं त्याचा अर्ज तहसीलला द्या आणि पोच घ्या. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगा, कारण पंचनाम्याच्या दिवशी तेच तिथं असतील. जुन्या पावत्या, नोटिसा, जे असेल ते येत्या बाजाराच्या दिवशी आष्टीला घेऊन या. आपली पोरं डिक्शनरी आणि कायदा दोन्ही घेऊन बसलेली असतील.

कसेल त्याची जमीन! जय आदिवासी, जय भीम!