किल्ली कुलपालाच अडकवायची का?

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचा सारा हिशेब संगणकावर ठेवला आहे अशी कल्पना करा. कोणते पुस्तक कोणी नेले, कोणाचा दंड बाकी आहे, विद्यार्थ्यांचे पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, हे सगळे एका माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये आहे. हा साठा नष्ट झाला तर मोठीच पंचाईत! म्हणून रोज रात्री दोन वाजता त्याची एक प्रत काढायची असे ठरते. त्या वेळी शाळेत कोण येणार? तेव्हा हे काम एका छोट्या आज्ञावलीवर सोपवतात. ठरल्या वेळी संगणक ती आपोआप चालवतो.

येथे एक अडचण येते. माहितीसाठा पहारेकऱ्याप्रमाणे परवलीचा शब्द विचारतो. दिवसा तो माणूस देतो. रात्री कोण देणार? मग आज्ञावली लिहिणारा सोपा मार्ग काढतो. तो परवलीचा शब्द आज्ञेतच लिहून टाकतो. काम सुरळीत चालू होते आणि सारे निर्धास्त होतात. दाराला भक्कम कुलूप लावावे आणि किल्ली त्याच कुलपाला दोरीने बांधून ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

कसा, ते पाहा. युनिक्स व लिनक्स जातीच्या संगणकांवर एकाच वेळी अनेक जण काम करू शकतात. तेथे ‘पीएस’ ही आज्ञा दिली की त्या क्षणी चालू असलेल्या कामांची यादी पडद्यावर येते. प्रत्येक काम कोणत्या आज्ञेने सुरू झाले तेही त्या यादीत सहसा जसेच्या तसे दिसते. आज्ञेत परवलीचा शब्द असेल तर तोही दिसणार! काही आज्ञावल्या तो चटकन झाकतात. पण झाकण्यापूर्वी क्षणभर तो उघडा असतोच. शिवाय, हाताने दिलेल्या आज्ञांची नोंद संगणक एका फाइलीत ठेवतो; तेथेही तो शब्द मागे राहतो. आणि आज्ञावलीच्या प्रती तर होतच असतात. एक मित्राला दिली जाते, एक दुसऱ्या संगणकावर जाते. प्रत्येक प्रतीबरोबर किल्लीही प्रवासाला निघते.

हे केवळ भय दाखवणे नव्हे. २०१६ साली ‘उबर’ या प्रवासी कंपनीच्या बाबतीत असेच घडले. तिच्या अभियंत्यांनी आज्ञावल्या गिटहब येथील खाजगी भांडारात ठेवल्या होत्या. चोरांनी तेथे प्रवेश मिळवला. एका आज्ञावलीत कंपनीच्या माहितीसाठ्याची किल्ली उघड लिहिलेली त्यांना सापडली. सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालक यांची माहिती त्यांच्या हाती लागली. जगाला हे कळले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये.

खरे तर यातला धडा जुनाच आहे. सांकेतिक लेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केरखोफ्स यांनी १८८३ सालीच एक तत्त्व मांडले होते. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. हे मान्य केले, तर यंत्रणा आणि किल्ली वेगवेगळ्या ठिकाणीच हव्यात, हे ओघाने आलेच.

मग उपाय काय? परवलीचा शब्द एका वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि ती फाइल मालकाखेरीज कोणालाही वाचता येणार नाही अशी करावी. युनिक्समध्ये वाचण्याच्या परवानगीचा अंक ४ आणि लिहिण्याच्या परवानगीचा २. मालकाला दोन्ही, म्हणजे ६. त्याच्या गटाला ० आणि इतरांना ०. म्हणून अशा फाइलीला ६०० हा अंक देतात. पोस्टग्रेस ही माहितीसाठ्याची प्रणाली तर इतकी कडक आहे, की युनिक्सवर तिची ‘पीजीपास’ नावाची फाइल इतरांना उघडी असली तर ती फाइल विचारातच घेत नाही!

तुम्ही म्हणाल, “पण त्या फाइलीतही शब्द उघडाच असतो की!” शंका रास्त आहे. संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाला ती फाइल वाचता येतेच. म्हणून आणखी एक खबरदारी हवी. रात्रीच्या कामाला फक्त वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. मग किल्ली चोरीला गेली तरी चोराला तिने नोंदी पुसता येणार नाहीत. आणि शब्द फुटलाच तर तो बदलावा. आज्ञावलीतली ओळ खोडून भागत नाही, कारण जुन्या प्रतींत ती शिल्लक असते.

आता माझे मुख्य म्हणणे सांगतो. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉनची आज्ञावली माहितीसाठ्याला जोडायला शिकवतात. सरावाच्या उदाहरणांत परवलीचा शब्द बहुधा आज्ञावलीतच लिहिलेला आढळतो. नवशिक्यांना सोपे जावे हा त्यामागचा हेतू. पण प्रयोगशाळेत आम्ल हाताळताना आपण पहिल्या दिवसापासूनच काळजी घ्यायला शिकतो. “आधी प्रयोग करा, काळजीचे पुढे पाहू,” असे कोणी म्हणत नाही. मग येथेच सवलत का? सरावापुरता तो शब्द आज्ञावलीने चालताना विचारावा. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘गेटपास’ ही सोय आहे आणि तिला दोन ओळी पुरतात.

आज तुमच्या सरावाच्या साठ्यात चार खोटी नावे असतील. उद्या तुमच्यापैकीच कोणी रुग्णालयाची, बँकेची किंवा शाळेची आज्ञावली लिहील. तेथली नावे खरी असतील, आणि हाताला तीच सवय असेल जी आज लागली. तेव्हा तुमची शेवटची आज्ञावली उघडून पाहा. किल्ली कुलपालाच तर अडकवलेली नाही ना?