मोहिमेचे गाईड आणि विकतचा सरंजाम

गाईड पाठ करून पास होणारा मुलगा मी दुरून ओळखतो. उत्तर बिनचूक असते. पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला, की स्वारी खिडकीबाहेर बघू लागते. ही गाईडची रीत आता खेळातही शिरली आहे, आणि तीही कल्पनाशक्तीवाचून एक पाऊल पुढे न सरकणाऱ्या खेळात! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव आमच्या सीमाभागातल्या मुलांच्या तोंडीही ऐकू येऊ लागले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ समजायला अवघड नाही. चारपाचजण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार, तो प्रसंग सांगतो. समोर पडका बुरूज आहे, आतून धूर येतो आहे. बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. आपण काय करतो ते ज्याने त्याने सांगायचे. साधले की फसले ते फासा ठरवतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावी राहणारे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांत छापला गेला. तिसरीच्या अखेरीस वाचकाला बजावले होते, की अगदीच अडल्याशिवाय आम्हाला पत्रे लिहू नका, तुमच्या मनात येईल तसे ठरवा. असे सांगणारे पाठ्यपुस्तक मला माझ्या नोकरीत अजून भेटायचे आहे.

आणि सरंजाम तरी काय होता? शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडचे फासे. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचे, म्हणजे भूमितीत प्लेटोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच घनाकृती. गायगॅक्सनी स्वस्त दुकानातून प्लास्टिकच्या बेढब खेळण्यांची पुडी आणली. त्यातले एक जनावर लोखंड गंजवून खाणारे ठरले, दुसरे घुबडाच्या तोंडाचे अस्वल झाले. आज त्याच अस्वलाची सुबक मूर्ती पैसे मोजून आणावी लागते.

१९७८ पासून खेळाच्या कंपनीनेच तयार मोहिमा स्वतंत्रपणे विकायला काढल्या. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ ही मालिका आली, सोबत कादंबऱ्याही आल्या. तिच्यात सूत्रधाराला सूचना होती, की महत्त्वाचा खलनायक मेलाच तर शक्यतो त्याचे प्रेत सापडू देऊ नये. पुढच्या भागात तो लागणार आहे! मग मुलाने फासा टाकायचा तरी कशाला?

“पण सर, नवख्या मुलांना स्वतःचं कुठं जमणार?” असे पालक विचारतात. नमुना जरूर द्यावा, पण कसला? गायगॅक्सचीच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ पाहा. सीमेवरचा किल्ला, म्हणजे आपल्याच ओळखीचा मुलूख म्हणायचा! त्या किल्ल्यातल्या लोहाराला, खाणावळवाल्याला, किल्लेदारालाही नाव दिलेले नाही. नावे सूत्रधाराने ठेवायची. एक गुहा तर मुद्दाम रिकामी सोडली आहे. ती ज्याची त्याने भरायची. याला मी नमुना म्हणतो. बाकीची गाईडे.

शिवाय उसन्या कल्पनेला मालक असतो. हा खेळ आज ज्या कंपनीकडे आहे, त्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने जानेवारी २०२३ मध्ये एक घाट घातला. तिच्या नियमांवर इतरांना मोहिमा छापू देणारा २००० सालचा परवाना बदलायचा! त्यावर पोट असलेले लहान प्रकाशक हवालदिल झाले. ओरड एवढी झाली, की महिनाअखेर कंपनीला माघार घेऊन नियमांचा गाभा मुक्त परवान्याखाली द्यावा लागला. ओरडणारे खूप होते म्हणून निभावले.

आमच्या नववीतल्या एका मुलीने शंभर पानी वहीत स्वतःची मोहीम रचली. नदीवर पूल, पुलावर राक्षस. तलवारीला तो दाद देत नाही. त्याच्याशी कन्नडमध्ये बोलाल तरच वाट देतो. योद्धे हटले, जादूगार थकले. शेवटी कन्नड घरातला एक अबोल मुलगा पुढे झाला आणि राक्षसाशी भाजीवाल्याशी घालावी तशी घासाघीस करून सगळ्यांना पार घेऊन गेला. ही अडचण कुठल्या विकतच्या पुस्तकात सापडणार? ती सुचायला दोन भाषांच्या गल्लीतच वाढावे लागते. इंग्रजी चौकटीतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सूत्रधाराला हे सुचत नाही. त्याला पान संपले एवढेच कळते.

तेव्हा पालकहो, यंदाच्या सुट्टीत मुलांनी महागडा संच मागितला तर नाही म्हणा आणि दोन कोऱ्या वह्या आणा. नकाशाला गणिताची चौकटीची वही चालते, मूर्तींच्या जागी चिंचोके चालतात. फासे मात्र विकत घ्या. वीस पैलूंचा फासा पुठ्ठ्याचा करायला बसलात, तर तुळशीचे लग्न उजाडेल.