लर्निंग लायसन्सची परीक्षा ज्याची त्यानेच द्यावी

बारावीचा निकाल लागला की घरोघरी गाडीचा विषय निघतो. अठरा पूर्ण झालेल्या गावातल्या सगळ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना आमची कळकळीची विनंती आहे: लर्निंग लायसन्सची परीक्षा ज्याची त्यानेच द्यावी, आणि अभ्यास करून द्यावी.

महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डावर ही परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. आरटीओत दिवस मोडत नाही, सोय उत्तमच आहे. पण त्यातून एक वाईट प्रथा पडली. मुलगा फक्त ओटीपी सांगतो, उत्तरांवर क्लिक दुसराच कोणी करतो. पंधरा प्रश्नांतले नऊ बरोबर आले की पास होता येतं. त्यासाठी पैसे देऊन माणूस बसवण्याची वेळ कोणावर का यावी?

चिन्हं पाठ करू नका, आकार ओळखायला शिका. लाल गोलातली चिन्हं हुकूम देतात, उभ्या त्रिकोणातली पुढचा धोका सांगतात. उलटा त्रिकोण मात्र ‘रस्ता द्या’ असा हुकूमच आहे, इथे पुष्कळ जण चुकतात. लाल दिव्याची उघडझाप चालू असेल तर पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच निघायचं. पिवळ्याची असेल तर वेग कमी करून जपून जायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलणं फार कठीण जातं. मागे सरकला तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल, ते सांगायला नको.

अपघातावरचा प्रश्न तर मनापासून वाचा. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. मदतीला धावणाऱ्या वाटसरूला २०१९च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं आहे. पोलिसांच्या भानगडीत अडकू, या भीतीने कोणाला रस्त्यावर पडू देऊ नका.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. तोवर गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि मागे बसायचं ते लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्यानेच. मित्राला डबल सीट नेणं चालत नाही.

पालकांनो, सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरतं. घरातली नेहमीची स्कूटी त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिलीत तर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

सेतू आणि नेट कॅफे चालवणाऱ्या मित्रांनाही हेच सांगणं आहे. अर्ज भरून द्या, फोटो चढवून द्या, त्याचे पैसे जरूर घ्या. पण पहिला प्रश्न स्क्रीनवर आला की खुर्ची त्या मुलाला द्या.