प्रश्नमंजुषा घ्या, पण गाईड बाजूला ठेवून

गणपती-नवरात्रात तिसगाव परिसरातल्या ज्या मंडळांना सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्पर्धा जरूर घ्या. पण गावोगाव तिचं काय होतं ते आपण सगळेच बघतो. कुणीतरी जनरल नॉलेजचं गाईड आणतो, त्यातले वीस-पंचवीस प्रश्न वहीत उतरवतो आणि माईकवरून वाचत सुटतो. पुढे बसलेली पोलीस भरतीची पोरं प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकतात, कारण तेच गाईड त्यांनीही पाठ केलेलं असतं. मागे बाया आपसात बोलत बसतात, म्हातारी माणसं आरती झाली की घराकडे निघतात. अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपतो आणि बक्षीस दरवर्षीच्याच दोघा-तिघांत वाटलं जातं.

यात पोरांची चूक काहीच नाही. प्रश्न काढणाऱ्यानं कष्ट घेतले नाहीत, एवढंच. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर मंडपाला जेवढा वेळ देता, त्याच्या निम्मा वेळ प्रश्नांना द्या.

एक उदाहरण घ्या. तिसगावहून नगरला जाताना करंजी घाट मागे पडला, की शहर येण्याआधी डोंगरावर एक उंच दगडी इमारत दिसते. एसटीत बसलेलं शेंबडं पोरही सांगेल, चांदबिबीचा महाल. गाईडातला प्रश्न असतो, ‘चांदबिबीचा महाल कोठे आहे?’ उत्तर ‘अहिल्यानगर’. झालं, पुढचा प्रश्न. हाच प्रश्न असा विचारून बघा: ‘ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती खरं म्हणजे कुणाची कबर आहे?’ मंडपात एकदम शांतता होईल. ती कबर सलाबतखानाची. मुर्तझा निजामशहाचा हा वजीर. अष्टकोनी, तीन मजली बांधणी आहे, आणि चांदबिबीचा त्या इमारतीशी काही संबंध नाही. तिचा पराक्रम घडला तो नगरच्या भुईकोट किल्ल्यात, 1595-96 साली, मोगलांचा वेढा पडला होता तेव्हा. आता हे उत्तर ऐकलेला माणूस पुढच्या खेपेला नगरला जाताना खिडकीतून बघणार आणि शेजारच्याला सांगणार. चांगल्या प्रश्नाची माझी व्याख्या हीच आहे. ज्याचं उत्तर कुणालाच येत नाही तो प्रश्न चांगला नव्हे. ज्याचं उत्तर माणूस घरी घेऊन जातो तो चांगला.

त्याच किल्ल्यावर आणखी एक. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मग विचारा, त्याच कैदेत मौलाना आझादांनी कोणतं पुस्तक लिहिलं? ‘गुबार-ए-खातिर’. आणि ज्याला हेही येईल त्याला विचारा, त्या दोघांबरोबर तिथे बंद असलेल्या आणखी तिघांची नावं सांग. सरदार पटेल होते, गोविंद वल्लभ पंत होते, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसची जवळजवळ सगळी कार्यकारिणीच तिथे आणून ठेवली होती.

आता स्पर्धा घेण्याच्या पद्धतीविषयी. माईकसमोर हात वर करून उत्तर द्यायची आपली रीत मोडा. तिच्यात दोन-चार धीट पोरं बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. इंग्लंडात दारूच्या गुत्त्यांमध्ये रात्रीच्या प्रश्नमंजुषा चालतात, त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे (पद्धत म्हणतोय, बाकीचं नको). शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी 1976 साली तिकडे गुत्त्यागुत्त्यांत सामने लावले. ज्या दिवशी गिऱ्हाईक नसायचं त्या दिवशी माणसं यावीत, हा हेतू. तिथे प्रत्येक टेबल म्हणजे एक संघ. प्रश्न सगळ्यांना एकदम विचारतात, उत्तर कुजबुजत ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. दहा प्रश्न झाले की कागद शेजारच्या संघाकडे तपासायला. कुणी स्टेजवर जात नाही, कुणाचं हसं होत नाही, आणि लाजणारा माणूसही शेजाऱ्याच्या कानात उत्तर सांगू शकतो. आपल्या सभामंडपात सतरंजीवर हे सहज जमतं. प्रश्न दोनदा, सावकाश वाचा. मोबाईल आधीच एका टोपलीत गोळा करा. ‘बघणार नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अशा बैठकीतल्या वादांचा निकाल लावायलाच गिनेसचं विक्रमांचं पुस्तक निघालं. गिनेस ही मुळात बिअरची कंपनी. तिचे प्रमुख सर ह्यू बीव्हर 1951 साली आयर्लंडात शिकारीला गेले असताना, युरोपातला सर्वांत वेगवान शिकारीचा पक्षी कोणता यावर वाद झाला आणि उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडेना. 1955 साली पहिली आवृत्ती आली. एका साध्या वादातून एवढा मोठा धंदा उभा राहिला, तेव्हा ‘असले प्रश्न विचारून काय मिळतं’ म्हणणाऱ्या काकांना हे सांगायला हरकत नाही.

संघ कसे पाडायचे हेही महत्त्वाचं. भरतीवाल्या पोरांचा एक संघ आणि शाळेतल्या मुलींचा एक, असं करू नका. चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येक संघात एक शाळकरी पोर, एक भरतीवाला, एक घरसंसार करणारी बाई आणि साठी उलटलेलं एक माणूस बसवा. मग प्रश्नही त्या चौघांना पुरतील असे काढावे लागतात, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

‘तरणा पाऊस कोणत्या नक्षत्राचा आणि म्हातारा कोणत्या?’ बी.ए. झालेल्याला विचारा, तो आभाळाकडे बघेल. आजी मात्र लगेच सांगेल: पुनर्वसू तरणा, पुष्य म्हातारा. हत्तीचा पाऊस म्हणजे हस्ताचा. मृगापासून हस्तापर्यंत नक्षत्रं क्रमानं लिहा, असा प्रश्न पाच गुणांना ठेवला तरी चालेल. जुन्या रुपयात पै किती? 192. तोळ्यात गुंजा किती? बारा मासे, माशाला आठ गुंजा, म्हणजे 96. नवे पैसे कधी आले? 1 एप्रिल 1957. एका गुंठ्याचे चौरस फूट किती? 1089. या शेवटच्या प्रश्नाला मात्र हल्ली तरुणच पुढे असतात, रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव बघता ते स्वाभाविकही आहे.

पाथर्डी तालुक्यात असा एक प्रश्न आहे जो कुठल्या गाईडात सापडणार नाही. ‘ऊसतोडीत एक कोयता म्हणजे किती माणसं?’ उत्तर आहे दोन. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर, आणि एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. साखर कारखान्यावर गाईडात एक ठरलेला प्रश्न असतो: आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना कोणता? लोणीचा, प्रवरेचा, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला. तो विचाराच. पण त्याच्या जोडीला कोयत्याचाही विचारा. ज्या बाईनं दहा हंगाम ऊस तोडलाय, तिचं उत्तर बरोबर म्हणून फळ्यावर लिहिलं गेलं पाहिजे.

कौन बनेगा करोडपतीत 2019 साली एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे आठवतात ना? अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीला शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपयांवर. ज्ञान कुणाजवळ असेल याचा अंदाज कपड्यावरून आणि पदवीवरून बांधू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर पडताळून घ्या. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या माणसानं किरकोळ माहितीचा एक कोश काढला होता. आपली माहिती कुणी उचलली तर कळावं म्हणून त्यानं त्यात एक खोटी गोष्ट मुद्दाम पेरली: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. पुढे ट्रिव्हियल पर्स्यूट हा सामान्यज्ञानाचा खेळ बाजारात आला, कोट्यवधींनी खपला, आणि त्यात हा प्रश्न होता. उत्तर, फिलिप! वर्थनं 1984 साली दावा लावला. तो हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण एवढ्या नामांकित खेळाची नक्कल उघडी पडली ती पडलीच.

आपल्याकडे अशी फिलिपं ढिगानं आहेत. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ हॉकी, असं छापलेलं असतं. सरकारनं कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, हे 2012 साली माहिती अधिकारातच उघड झालं. ‘भारताची राष्ट्रभाषा?’ राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. कलम 343 हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतं. ‘जन गण मन’ला युनेस्कोनं जगात पहिला नंबर दिला, ही तर निव्वळ व्हॉट्सॲपची कृपा. आणि आपल्याच जिल्ह्याचं नाव जुन्या गाईडात जुनंच आहे. महाराष्ट्रात जिल्हे 35 लिहिलेलं पुस्तक दिसलं तर ते 1 ऑगस्ट 2014 च्या आधीचं समजा, पालघर झाला आणि 36 झाले. एव्हरेस्टची उंचीही 2020 पासून 8848.86 मीटर धरतात. परीक्षेला बसणाऱ्या पोरांनो, हे तुमच्याही कामाचं आहे.

काही प्रश्नांत माहिती बरोबर असते आणि शब्द घात करतात. ‘ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण?’ सगळे लिहितील खाशाबा जाधव, हेलसिंकी 1952, कुस्ती. मग कुणीतरी उठून नॉर्मन प्रिचर्डचं नाव घेईल, 1900 साली पॅरिसला भारताच्या नावावर दोन रौप्यपदकं. प्रश्नात ‘स्वतंत्र भारताचा’ एवढे दोन शब्द घातले असते तर भांडण टळलं असतं. तसंच पहिल्या भारतीय चित्रपटाचं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 चा, तर दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 चा. तोरण्यांनी नाटकच चित्रित केलं होतं, म्हणून मान फाळक्यांना जातो. असा प्रश्न विचारायचाच असेल तर दोन्ही नावं सांगून फरक विचारा. प्रश्न लिहून झाला की घरातल्या भांडखोर माणसाला वाचून दाखवावा. त्याला फट सापडली तर ती मंडपातही कुणाला तरी सापडणारच.

जात, धर्म आणि पक्ष या तिन्हींवर प्रश्न नकोत. कारण सांगायची गरज नाही.

सोपे प्रश्नही ठेवा, पहिले तीन तर सोपेच. मढीच्या यात्रेत कोणत्या जनावराचा बाजार प्रसिद्ध आहे, हे विचारल्यावर पहिलीतलं पोर ‘गाढव!’ म्हणून ओरडलं आणि सगळे हसले, की मंडप मोकळा होतो. मग अष्टविनायकांतला आपल्या जिल्ह्यातला गणपती कोणता (सिद्धटेक), त्याची सोंड कोणत्या बाजूला (उजवीकडे, आठांत तो एकटाच), ज्ञानेश्वरी नेवाशाला लिहून कुणी घेतली (सच्चिदानंद बाबांनी), सेनापती बापटांचं जन्मगाव (पारनेर), आपल्या जिल्ह्यातून भारताकडून खेळलेला डावरा वेगवान गोलंदाज (झहीर खान, श्रीरामपूर) असं चढत जा.

बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकू नका. आकड्याचा एक प्रश्न राखून ठेवा, जवळचा आकडा लिहील तो जिंकला. अकोले तालुक्यातलं कळसूबाई किती मीटर उंच? 1646. राज्यातला क्षेत्रफळानं सर्वांत मोठा जिल्हा आपला, तो किती चौरस किलोमीटर? 17,048. अंदाज चुकण्यातही मजा आहे. निकाल प्रश्न वाचणाऱ्याचा अंतिम, हे सुरुवातीलाच माईकवर सांगून टाका. मात्र एखाद्यानं पुस्तक दाखवून चूक सिद्ध केली तर दोन्ही उत्तरांना गुण द्यायचा दिलदारपणाही ठेवा.

बक्षीस रोख देऊ नका. पुस्तकं द्या, पेढे द्या. वर्गणी कमी असेल तर नुसतं नाव फळ्यावर लिहिलं तरी माणसं येतात. प्रश्नांची वही मात्र जपा, तारखेसकट. पाच-सात वर्षांत तुमच्याजवळ बाजारात न मिळणारं गाईड तयार होईल, आणि ते तुम्ही पडताळलेलं असेल.

तारीख ठरवताना एक लक्षात ठेवा. दसरा उलटला की टोळ्या कारखान्यांकडे निघायला लागतात आणि दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप असतं. कोयत्याचं उत्तर ज्यांना येतं तीच माणसं तेव्हा गावात नसतात. गणपतीत जमत नसेल तर नवरात्रात घ्या, पण त्यापुढे ढकलू नका.