देशाला कुलूप, चोर मोकळाच!

मित्रांनो, इनबॉक्स उघडला की आपलं स्वागत कोण करतं? न काढलेल्या तिकिटाला लागलेली करोडोंची लॉटरी, 'तुमचं खातं बंद होणार' अशी धमकी, नाहीतर इस्टेटीला वारस शोधत फिरणारा एखादा नायजेरियन राजपुत्र! मग कुणीतरी वैतागून म्हणतंच, "त्या देशातून येणाऱ्या सगळ्या मेल्स प्रोव्हायडरने बंदच का करू नयेत? कटकट मिटेल!" ऐकायला झकास वाटतं. पण माझ्या मते हा उपाय साफ चुकीचा आहे, आणि त्याचा फटका आपल्यालाही बसू शकतो.

हा प्रयोग होऊनही गेलाय. अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने २००४ च्या अखेरीस स्पॅम रोखण्यासाठी युरोपातून येणाऱ्या मेल्स मोठ्या प्रमाणावर अडवायला सुरुवात केली. स्पॅमबरोबर मित्रांची पत्रं आणि धंद्याचे निरोपही अडकले. २००५ मध्ये ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कंपनीने भरपाई द्यायचं कबूल करून तडजोड केली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं!

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू. मेल आली की आपल्या सर्व्हरला कळतो तो फक्त ती आणून देणाऱ्या मशीनचा आयपी पत्ता. त्यावरून देशाचा अंदाज बांधता येतो, पण तो देश मशीनचा, स्पॅमरचा नव्हे. बरंचसं स्पॅम येतं ते बॉटनेटमधून, म्हणजे व्हायरस घुसलेल्या साध्यासुध्या लोकांच्या पीसींमधून. मालकाला पत्ताही नसतो! ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो या होस्टिंग कंपनीचं इंटरनेट कनेक्शन तोडलं गेलं आणि जगभरातलं स्पॅम निम्म्याहून खाली आलं. स्पॅम ओकणारे पीसी जगभर पसरलेले होते, पण त्यांना हुकूम देणारे सर्व्हर तिथे होते. देशाची बंदी त्या पीसींवर पडली असती, हुकूम देणारे मात्र मजेत राहिले असते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

आणि मंडळी, 'तो देश' म्हणजे कोणता? २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफोस कंपनीने स्पॅम पाठवणाऱ्या देशांची यादी काढली, त्यात पहिला नंबर भारताचा होता! प्रमाण साधारण नऊ टक्के. म्हणजे तेव्हा जगाने भारताला कुलूप लावलं असतं, तरी शंभरातली एक्याण्णव स्पॅम येतच राहिली असती. अडकलं काय असतं? परदेशी प्राध्यापकाला पाठवलेला आपल्या एखाद्या सीनियरचा अर्ज. आणि मेल गुपचूप फेकून दिली, तर 'उत्तर का नाही आलं' हे त्या बिचाऱ्याला कधी कळणारही नाही. नायजेरियातल्या प्रामाणिक विद्यार्थ्याचीही हीच गत.

कुणी म्हणेल, सर्व्हरवरचा ताण आणि बँडविड्थचा खर्च प्रोव्हायडरने का सोसायचा? मुद्दा रास्त आहे. पण त्यावर नेमके उपाय आहेत. खोड्या करणारे आयपी पत्ते तेवढे ब्लॉक करा. घरगुती कनेक्शनवरून थेट बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवा, म्हणजे घरातल्या पीसीत व्हायरस घुसला तरी तो परस्पर स्पॅम उडवू शकणार नाही. फिल्टर वापरा. पाठवणाऱ्याची ओळख तपासा. एसपीएफमुळे डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते कळतं, तर डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. जीमेल खात्यांना रोज ५,००० हून जास्त मेल्स पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे दोन्ही सक्तीचं केलंय. यात प्रश्न 'तू कुठला?' हा नसून 'तू कोण, आणि आजवर वागलास कसा?' हा आहे.

फक्त गावातच धंदा करणाऱ्या छोट्या कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर हवे ते देश बंद करावेत. तिचं दार, तिची मर्जी. पण लाखो ग्राहकांचं टपाल वाहणाऱ्याने त्यांना न विचारता पत्र फेकणं, हे त्या पोस्टमनचं काम नव्हे. आपल्यातलेच काही जण उद्या असले सर्व्हर सांभाळणार आहेत. तेव्हा एका क्लिकमध्ये अख्खा देश गायब करायचा मोह होईलच. त्या क्लिकच्या पलीकडे कुणाचा तरी अर्ज असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे!