डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

घरातला संगणक मंदावला की कुणीतरी हमखास सांगतं, "डिफ्रॅग करून टाका, पळायला लागेल." सल्ला अगदीच वाईट नाही. पण संगणक सात-आठ वर्षांचा असेल, त्यात मुलांच्या बारशापासूनचे फोटो असतील आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर ते बटण दाबण्याआधी थांबा. आधी बॅकअप, मग आवराआवर. हा क्रम का, ते आज पाहू.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. घरगुती संगणकात त्या मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि एक बारीक हेड त्यांच्यावरून मागेपुढे सरकत माहिती वाचतं. डिस्क नवी असते तेव्हा एका फाइलला सलग जागा मिळते. पुढे आपण काही पुसतो, काही नवं भरतो आणि मोकळी जागा विखुरते. लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचलेल्या आठ जणांच्या कुटुंबासारखं होतं मग. दोघं या ओळीत, तिघं खांबाजवळ, उरलेले पार दाराशी. जेवण सगळ्यांना मिळतं, पण वाढप्याची दमछाक होते. डिफ्रॅग म्हणजे त्या कुटुंबाला उठवून एका ओळीत बसवणं.

यात धोका तो काय? तुकडे हलवायचे म्हणजे डिस्कवरचं पुष्कळ काही वाचायचं आणि दुसरीकडे लिहायचं. भरलेल्या जुन्या डिस्कवर हे काम तासन्‌तास चालतं. विंडोज ते जपून करतं, मध्येच वीज गेली तरी सहसा फाइल हरवत नाही. पण डिस्क आधीच खिळखिळी झाली असेल, तर एवढी राबणूक तिला झेपेलच असं नाही. संगणक मंद होण्याचं खरं कारण विखुरलेले तुकडे आहेत की मरणपंथाला लागलेली डिस्क, हे बाहेरून कळत नाही. दोन्हीत लक्षण एकच. आणखी एक, चुकून पुसलेला फोटो परत मिळवायचा असेल तर डिफ्रॅग मुळीच नको. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की आशा संपली.

आता बॅकअप. विचारलं की अनेक घरांत उत्तर येतं, "आहे ना, सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय." मोठी गफलत इथेच आहे. आपल्याकडे संगणक जोडून देताना एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत होती. विंडोज नव्याने टाकावं लागलं की सी पुसला जायचा आणि डी वाचायचा, म्हणून हा समज पक्का झाला. पण भाग तीन असले तरी डिस्क एकच. पावसाळ्यात वीज कडाडली, विजेचा दाब एकदम वाढला, डिस्क जळाली, की तिन्ही एकदम गेले. दागिने देवघरात ठेवले काय नि माजघरात ठेवले काय, घर तेच!

"आमचं सगळं क्लाउडवर आहे" म्हणणाऱ्यांनीही एकदा खात्री करून घ्यावी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. तशी सूचना येते, पण ती वाचतो कोण?

तेव्हा बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या आणि तिच्यावर प्रत काढा. 'पिक्चर्स' आणि 'डॉक्युमेंट्स' सगळ्यांना आठवतात. विसरतो ते 'डेस्कटॉप' आणि 'डाउनलोड्स'. खरं तर निम्मा संसार तिथेच पसरलेला असतो. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर त्याचं डेटा फोल्डर हुडकून घ्या. आणि मराठी घरांसाठी एक खास गोष्ट: फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आकृती, किरण, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप करत होतो. आजोबांच्या आठवणी, कुळाची वंशावळ, मंडळाचं इतिवृत्त, सगळं त्यातच. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर नव्या संगणकावर त्या आठवणींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतील. म्हणून तो फॉन्टही सोबत घ्या आणि जुना संगणक चालू आहे तोवर अशा फाइलींची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या वाचकांनी हे जरूर करावं. मराठी फॉन्ट जाणणारा दुरुस्तीवाला तिकडे शेजारी मिळेलच असं नाही.

प्रत काढून झाली की ती उघडून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच राहून जातं. मोठमोठ्यांचंही राहतं. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना एका आज्ञेने त्याच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं गरज पडल्यावर कळलं. चित्रपट तरला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गाडीतून अगदी जपून कार्यालयात आणला गेला. त्या प्रतीचं मोल ती दुसऱ्या घरात होती यातही आहे. तुमच्या बाहेरच्या डिस्कचीही एक जोड-डिस्क बहिणीकडे किंवा मुलाकडे ठेवता आली तर ठेवाच.

प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा, संगणकाला लटकवून ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. असे व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत.

एवढं झाल्यावर डिफ्रॅगकडे वळा. स्टार्टमध्ये 'डिफ्रॅग' टाइप केलं की 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' दिसेल. त्यात 'मीडिया टाइप' या रकान्यात 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं असेल तर डिफ्रॅगच्या फंदात पडू नका. त्यात ना चकती ना हेड. तुकडे विखुरले म्हणून फारसं बिघडत नाही, उलट विनाकारण लिहिण्याने ती झिजते. तिची निगा विंडोज आपणहून राखतं. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' असेल तर आधी 'अ‍ॅनलाइझ' दाबा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये हे काम ठरावीक वेळाने आपोआप होत असतं, त्यामुळे आकडा बहुतेक वेळा किरकोळच निघतो. मग काही करायचं नाही. आकडा मोठा असेल तर किमान १५ टक्के जागा रिकामी करा, लॅपटॉपला चार्जर लावा आणि रात्री काम सुरू करून झोपा.

स्पष्टच सांगायचं तर, डिफ्रॅगने संगणक पळायला लागेल ही आशा जरा बेतानेच धरा. खरा फरक पडतो तो जुनी डिस्क काढून सॉलिड स्टेट बसवल्यावर. आणि डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर डिफ्रॅगही नको आणि घरच्या घरी प्रत काढण्याची धडपडही नको. संगणक लगेच बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.